१८० हॉर्सपॉवरची जुनी सेस्ना : विकत घेण्याआधीच्या नोंदी

रविवार, रात्री

जुन्या विमानांच्या जाहिरातींत ‘१८० एचपी कन्व्हर्जन’ (मूळ इंजिन काढून १८० हॉर्सपॉवरचं बसवलेलं) असं लिहिलेलं असलं की किंमत हमखास चढी असते. त्यात सेस्ना १७२ एन ही चार आसनांची लहान विमानं बरीच दिसतात, म्हणजे १९७७ ते १९८० ची मॉडेल्स. या विमानाला कारखान्यातून लायकमिंग कंपनीचं ओ-३२०-एच२एडी हे १६० हॉर्सपॉवरचं इंजिन यायचं. त्याचे कॅम आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) लवकर झिजायचे. शेवटी दर ५० तासांनी तेलात एक ठरावीक अॅडिटिव्ह घालण्याची सक्तीच आली. शिवाय त्याचे दोन्ही मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारे भाग) एकाच डब्यात, एकाच शाफ्टवर. तो शाफ्ट तुटला की दोन्ही एकदम गेले. त्यामुळे ओव्हरहॉलची (इंजिन पूर्ण उघडून नव्याने जोडण्याची) वेळ आली की अनेक मालक तेच इंजिन दुरुस्त करण्याऐवजी १८० हॉर्सपॉवरचं ओ-३६०-ए४एम बसवून घेतात. त्याला दोन वेगवेगळे मॅग्नेटो असतात. माझ्या मते हा फायदा त्या वाढीव वीस हॉर्सपॉवरपेक्षा मोठा आहे.

वीस हॉर्सपॉवरनी नेमकं काय मिळतं याचा हिशेब खरेदीआधी कागदावर मांडावा. दोन्ही इंजिनांच्या सिलिंडरचा व्यास सारखाच, ५.१२५ इंच. ओ-३६० मध्ये फक्त स्ट्रोक (पिस्टनची धाव) अर्ध्या इंचाने जास्त. ताकद साडेबारा टक्क्यांनी वाढते, पण वेग ताकदीच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जेमतेम चार टक्के. मूळ १७२ एन आठ हजार फुटांवर ७५ टक्के ताकदीला १२२ नॉट देते, त्यात पाचेक नॉटची भर पडेल. वेगासाठी कोणी जास्त पैसे मोजत असेल तर त्याला थांबवावंसं वाटतं.

खरा फरक चढण्यात आणि वजनात आहे. पातळीत उडायला लागते त्याहून उरलेली ताकदच विमानाला वर नेते, आणि वीसच्या वीस हॉर्सपॉवर त्या उरलेल्या ताकदीत जमा होतात. उन्हाळ्यात, उंचावरच्या धावपट्टीवर, मागे दोन माणसं बसलेली असताना हे लगेच जाणवतं. असा बदल करायला एफएए (अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन) जी मंजुरी देतं तिला एसटीसी म्हणतात. काही एसटीसींमध्ये १७२ एनचं कमाल वजन २,३०० वरून २,५५० पौंडांवर जातं. रिकाम्या विमानाचं वजन १,४५० पौंड धरू. टाकीत वापरता येण्याजोगं ४० गॅलन पेट्रोल, म्हणजे २४० पौंड. जुन्या मर्यादेत माणसं आणि सामान मिळून ६१० पौंड उरतात, नव्या मर्यादेत ८६०. चार मोठी माणसं आणि पूर्ण टाकी हे जुन्या मर्यादेत बसत नाही, नव्या मर्यादेत बसतं. त्याच्या बदल्यात फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग) ४० ऐवजी ३० अंशांवर अडवावे लागतात, कारण भरलेलं विमान पूर्ण फ्लॅप टाकून उतरताना ऐनवेळी पुन्हा वर न्यायचं झालं तर चढायला ताकद पुरली पाहिजे. पाहणीत फ्लॅप पूर्ण खाली सोडून बघावं. कागदावर २,५५० आणि फ्लॅप मात्र ४० पर्यंत जात असतील तर काम अर्धवट झालंय.

पेट्रोलही जास्त लागतं. ७५ टक्क्यांवर तासाला साडेआठच्या ऐवजी दहा गॅलनच्या आसपास. टाकी तीच राहिली असेल तर पल्ला कमी होतो, म्हणून ५० गॅलन वापरता येतील अशी मोठी टाकी असलेलं विमान मिळालं तर मी आधी तेच बघेन.

आता कागद. इंजिन बदललेलं विमान घेताना निम्मं काम इथेच असतं आणि लोक नेमके इथेच घाई करतात. एफएएच्या ओक्लाहोमा सिटीतल्या कार्यालयाकडून त्या विमानाच्या नोंदींची प्रत थोडक्या पैशांत मिळते. ती विक्रेत्याच्या फाइलशी ताडून बघायची. त्यात इंजिन बदलल्याचा फॉर्म ३३७ (मोठ्या बदलाची नोंद) हवा, त्यावर एसटीसीचा क्रमांक हवा, आणि ती एसटीसी याच मॉडेलला लागू असायला हवी. एसटीसीच्या मालकाने हे काम करायला दिलेली लेखी परवानगी हवी. फ्लाइट मॅन्युअलची पुरवणी विमानात हवी. ती नसेल तर नवी मर्यादा वैमानिकाला दाखवणारं विमानात काहीच नाही. वजन आणि समतोलाचा नवा तक्ता हवा, कारण ओ-३६० थोडं जड असतं आणि ते वजन नाकाशी येतं. एसटीसीसोबत देखभालीच्या स्वतंत्र सूचना येतात, त्याही फाइलमध्ये हव्यात. मग टॉर्च घेऊन इंजिनवरच्या पाटीचा क्रमांक वाचायचा आणि फॉर्म ३३७ व लॉगबुकशी जुळवायचा. प्रोपेलरच्या हबवरचाही तसाच. एक आकडा चुकलेला असला तरी खुलासा लेखी घ्यावा.

‘झीरो टाइम’ हा शब्द जाहिरातीत सर्रास फेकला जातो. अमेरिकी नियमांनुसार इंजिनचे तास शून्यावर आणण्याचा अधिकार फक्त निर्मात्याला किंवा निर्मात्याने मान्यता दिलेल्या संस्थेला आहे. बाकी सगळी इंजिनं ओव्हरहॉल केलेली, म्हणजे त्यांचे आधीचे तास कायम. ओव्हरहॉल नव्या भागांच्या मापांवर केलाय की झिजेच्या शेवटच्या मर्यादेवर, हे लॉगबुकमधल्या नोंदीत आणि सुट्या भागांच्या बिलात दिसतं. बिलं मागावीत. नीट काम करून घेतलेला मालक ती जपून ठेवतो.

पण सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो तारखांना. लायकमिंग या इंजिनसाठी ओव्हरहॉलची मुदत २,००० तास किंवा १२ वर्षं अशी देते. खाजगी वापरात ती बंधनकारक नाही, म्हणून विक्रेते फक्त तास सांगतात. ‘ओव्हरहॉलनंतर ६०० तास’ ऐकायला छान वाटतं, पण ते २० वर्षांत झाले असतील तर वर्षाला ३० तास पडतात. लायकमिंगचा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसतो. इंजिन थांबलं की तेल त्यावरून ओघळून खाली जातं आणि कोरड्या पडलेल्या लोब्सवर (कॅमच्या उंचवट्यांवर) ओलाव्याने गंजाचे बारीक ठिपके येतात. पुढच्या वेळी इंजिन फिरलं की ते ठिपके पॉलिश पेपरासारखे टॅपेटला घासतात. दर आठवड्याला उडणारं १,४०० तासांचं इंजिन मी हँगरात झाकून ठेवलेल्या ६०० तासांच्या इंजिनाआधी निवडेन. अधूनमधून जागेवरच दहा मिनिटं इंजिन चालवत होतो, हे कोणी कौतुकाने सांगितलं तर जास्त सावध व्हावं. तेल पुरेसं तापत नाही, ओलावा आत तयार होतो आणि उडून जात नाही. त्यासाठी उड्डाणात तेल १६५ अंश फॅरेनहाइटच्या वर जाऊन काही वेळ तिथे राहावं लागतं.

या इंजिनचे टॅपेट क्रँककेस उघडल्याशिवाय निघत नाहीत. कॅम प्रत्यक्ष बघायचा तर एखादा सिलिंडर काढावा लागतो, आणि त्याला क्वचितच कोणी विक्रेता तयार होतो. मग आडमार्गाने बघायचं. तेलाचा फिल्टर कटरने कापायचा. करवतीने कापला तर तिचाच कीस आत पडतो आणि निदान चुकतं. आतला घड्यांचा कागद पात्याने सोडवायचा, शेगड्यात (व्हाइसमध्ये) दाबून तेल काढायचं आणि उन्हात पसरायचा. चमकणाऱ्या कणांजवळ लोहचुंबक न्यायचं. चिकटले तर लोखंड, म्हणजे संशय कॅम-टॅपेटवर. रॉकरची झाकणं काढून प्रोपेलर हाताने फिरवत प्रत्येक व्हॉल्व्ह किती उघडतो तेही मोजून एकमेकांशी ताडता येतं. कॅम झिजला असेल तर तो व्हॉल्व्ह कमी उघडतो. हे करताना मॅग्नेटो बंद असले तरी प्रोपेलर जिवंत आहे असंच समजून हात लावायचा.

कॉम्प्रेशनची चाचणी इंजिन गरम असताना करायची. ८० पौंडांवर हवा सोडून चारही सिलिंडरचे आकडे लिहायचे. ७० च्या वर आणि एकमेकांजवळ असले की चांगलं, ६५ च्या खाली गेलं की झीज. आकड्याइतकंच महत्त्व हवा कुठून सुटते याला आहे. एक्झॉस्टच्या नळीत फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून आली तर इनटेक, तेल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टन रिंग्ज. बोरोस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा चेहरा बघावा. त्याच्यावरचा रंग मधोमध, गोलाकार असला तर ठीक. एका कडेला हिरवट चंद्रकोर दिसली तर तो तिथे जळायला लागलाय.

बाकीचं भराभर. विमानाचे ब्रेक दाबून, वारा नसताना पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि आकडा एसटीसीच्या पुरवणीतल्या स्टॅटिक आरपीएमशी (उभ्या विमानात मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांशी) जुळवायचा. जुने टॅकोमीटर चुकीचं दाखवतात, त्यामुळे ऑप्टिकल टॅकोमीटर सोबत हवा. स्पिनर (प्रोपेलरवरचं टोकदार टोपण) काउलिंगच्या (इंजिनवरच्या आवरणाच्या) तोंडापेक्षा खाली बसलेला दिसला तर इंजिनच्या माउंटचे रबर बसलेत. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) खालच्या पत्र्यावर सुरकुत्या म्हणजे नाकाचं चाक कधीतरी जोरात आपटलंय. सीटच्या रुळांची भोकं लंबगोल झालेली असतील तर उड्डाण घेताना सीट मागे घसरू शकते. याची वेळोवेळी तपासणी सक्तीची आहे. चढताना सिलिंडरचं तापमान बघायचं. लायकमिंगची लाल रेघ ५०० अंशांवर आहे, पण दीर्घायुष्यासाठी ४०० च्या खाली ठेवायला ती कंपनीच सांगते. एखादाच सिलिंडर तापत असेल तर आधी बॅफलचे (थंड हवा सिलिंडरकडे वळवणाऱ्या पत्र्यांचे) रबर तपासावेत. मोठ्या इंजिनला जुनेच बॅफल वाकवून बसवलेले असतात.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट. विमान स्वतःच्या नावावर नोंदवायला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-१बी वर असाल तर ते जमत नाही. ट्रस्टच्या नावाने नोंदणीचा मार्ग आहे, पण त्याला वर्षागणिक खर्च येतो. ग्रीन कार्ड जवळ आलं असेल तर तोपर्यंत क्लबचं विमान भाड्याने उडवणं स्वस्त पडतं. विमा कंपनीला इंजिन बदलाची माहिती आणि नवी किंमत आधी कळवावी, नाहीतर भरपाई जुन्या इंजिनच्या हिशेबाने ठरेल.

विक्रेत्याचा मेकॅनिक कितीही चांगला असला तरी पाहणी दुसऱ्याकडून करावी, आणि करार पाहणीआधीच लिहावा. त्यात तीन गोष्टी हव्यात : उड्डाणयोग्यतेला बाधा आणणारा दोष निघाला तर दुरुस्ती विक्रेत्याच्या खर्चाने, कॉम्प्रेशन किंवा फिल्टरमध्ये खोट निघाली तर बयाणा परत, आणि सिलिंडर काढून बघायचा झाल्यास पुन्हा जोडण्याचा खर्च खरेदीदाराचा.