बदली नटाचा पुरावा

"काका, नाव छापलेली एखादी जाहिरात आहे का?" पंचायत समितीतल्या मुलीने विचारलं.

नव्हती. मी बदली नट. ज्याचं नाव छापलंय तो आजारी पडला, गावाला गेला किंवा निर्मात्याशी भांडला की मला बोलावणं यायचं. जाहिरात तोवर छापून झालेली असायची.

अर्ज होता राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेचा. 2024 पासून महिना 5000 रुपये झालेत. वय 50 च्या वर, वार्षिक उत्पन्न 60,000 च्या आत आणि कलेत किमान 15 वर्षं. वयाचा नि उत्पन्नाचा दाखला चार खेपांत मिळाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते पंधरा वर्षांपाशी.

वर्षं माझ्याकडे तिसाच्या वर होती. बारा-तेराव्या वर्षी वेंगुर्ल्याकडच्या जत्रांत दशावतार नाटकात स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांची कामं करणारा नट झालो. दशावताराला संहिता नसते. त्याच दिवशी आख्यान ठरतं, कोणी काय करायचं ते ठरतं, आणि सुरुवातीचा संकासुर येऊन गेला की पुढे पहाटेपर्यंत तोंडाला येईल ते बोलायचं. अडखळलात तर पेटी-पखवाज सांभाळून घेतात. शेवटचा दहीकाला झाला की पेटारा उचलायचा नि पुढच्या जत्रेची वाट धरायची. यात कागद लागतोच कुठे?

1976 साली एसटीने मुंबई गाठली. लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकली आणि गिरणीत बदली लागलो. रोज गेटवर उभं राहायचं, कोणाचा खाडा असेल तर काम, नाहीतर परत. संध्याकाळी कामगार नाटकाच्या तालमी. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगारांचा. आमची गिरणी त्यात गेली ती गेलीच.

तरी मी उपाशी राहिलो नाही, कारण 1980 मध्ये 'वस्त्रहरण' आलं होतं. गंगाराम गवाणकरांचं मालवणी नाटक आणि त्यात आमच्याच जिल्ह्यातल्या रेवंडीचे नट मच्छिंद्र कांबळी. आधी नाटकात मालवणी बोलायचा तो बहुतेक घरगडी. या नाटकाचे मात्र पाच हजारांवर प्रयोग झाले. मी त्यात कधीच नव्हतो, हे गावात अजून कोणाला पटत नाही. पण त्याच्यामागून मालवणी नाटकं येत राहिली आणि त्यांत माझी बदली लागायची. गिरणीतही बदली, रंगमंचावरही बदली! दुपारी निरोप, गाडीत बसून संवाद पाठ, रात्री दामोदर हॉलला एंट्री. निभावलं, कारण शब्द विसरला तरी थांबायचं नसतं हे जत्रेत शिकलो होतो.

सिनेमात हवालदार झालो, बँडवाला झालो, तिरडीला खांदा देणारा तिसरा माणूस झालो. पैसे रोख, सही गर्दीतली माणसं पुरवणाऱ्या सप्लायरच्या वहीत. ती वही आता कुठे असेल, रवळनाथाला ठाऊक.

घरी ट्रंक उपसली. नाईटच्या, म्हणजे प्रयोगामागे मिळणाऱ्या पैशाच्या, हिशोबाची माझी वही निघाली: तारीख, थिएटर, नाटक, नाईट किती, उचल किती. मला वाटलं, जिंकलो. पंचायत समितीतली मुलगी म्हणाली, "स्वतः लिहिलेलं नाही चालत, काका." बरोबरच होतं तिचं. आमच्यातला एकेक नट असा आहे की वहीत स्वतःला लंडनलाही नेऊन आणील.

दुसऱ्या खेपेला कामगार नाट्यस्पर्धेचं प्रशस्तिपत्र नेलं. त्यावर नाव 'बाळा'. आधारवरचं नाव वेगळंच, ते शाळेनंतर मला कोणी हाक मारायला वापरलेलं नाही. मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. वकिलांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "सही दोघांपैकी कोण करणार?"

जत्रांच्या वर्षांसाठी तीन देवळांच्या मानकऱ्यांकडे गेलो. दोघांनी मुकाट्याने लिहून दिलं. तिसरे नव्वदीचे. माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "अरे, मी तुका बाईलमाणूस म्हणानच वळाखतंय." नातवाला मजकूर सांगितला तो असा: "सदर इसम आमच्या जत्रेत सलग सहा वर्षे तारामती होता." खाली देवस्थानचा शिक्का. हे पत्र मुलीने दोनदा वाचलं आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लावलं.

सिनेमाचा पुरावा पुतण्याने मोबाइलवर शोधला. चार सेकंद दिसतो, हातात लाठी, अर्धा चेहरा टोपीत. रंगीत प्रिंट काढून जोडली. मुलगी प्रिंट बघे, मग मला बघे. शेवटी मी तिथेच लाठी धरल्यासारखा उभा राहिलो, तेव्हा हसली आणि पोचपावती दिली. बायकोसोबतचा फोटो तेवढा राहिला होता. तो दुसऱ्या दिवशी दिला.

पुढे बरेच महिने काहीच नाही. एका दुपारी आमच्या जुन्या पेटीवाल्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"यादी लागली रे. तुझा नाव नाय."

"खयचा नाव बघलस?"

"बाळा. आनी खयचा बघू?"

मी आधारवरचं नाव सांगितलं. पलीकडे कागदावर बोट फिरल्याचा आवाज, मग शांतता.

"आसा रे, अकराव्या नंबराक. माका वाटला, हो कोण मेलो वशिल्याचो!"