विहिरीत पाणी होतं, पोहरा नव्हता

आमच्याकडे कोकणात मे महिना लागला की एक शब्द सारखा कानावर पडतो, आगोट. पाऊस सुरू व्हायच्या आधीची सगळी तयारी म्हणजे आगोट. लाकडं भरायची, घर शाकारून घ्यायचं, तांदूळ, वाल, सुकट, मीठ-मसाला सगळं डब्यात जायला पाहिजे, कारण एकदा मिरग लागला की पूर्वी चार महिने बाहेरचं काही धड मिळायचंच नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला हे सगळं जुन्या काळचं वाटायचं, बाजार गाडीने वीस मिनिटांवर आहे मग एवढं कशाला भरायचं असं मी सासूबाईंना बोलूनही दाखवलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, फणसाच्या आठळ्यांना माती लिंपत बसल्या होत्या, लिंपत राहिल्या.

मग 2020 साल आलं. लॉकडाऊन लागायच्या आदल्या आठवड्यात आम्ही पनवेलहून गावी आलो ते तिथेच राहिलो. घर श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरच्या जवळ, म्हणजे 3 जूनला निसर्ग वादळ जिथे किनाऱ्यावर आलं त्याच पट्ट्यात. दुपारी ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा होता. सुपारीची झाडं मोडताना जो आवाज होतो तो मी आधी कधी ऐकला नव्हता, एकामागून एक कडाकड, आणि आम्ही सात माणसं मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेलो, वरची कौलं उडतायत ते नुसतं ऐकत. संध्याकाळी बाहेर आलो तर वाडीतली अर्ध्याच्या वर झाडं आडवी, पडवीचे पत्रे शेजारच्या शेतात, रस्ता झाडांनी बंद, लाइटचे खांब वाकलेले. आमच्याकडे लाइट यायला महिना उलटून गेला.

पण मला आज वादळाबद्दल लिहायचं नाहीये, दुसऱ्या दिवशी सकाळबद्दल लिहायचंय. टाकीतलं पाणी संपलं. विहीर घरापासून वीस पावलांवर, काठोकाठ नसली तरी चांगलं पाणी होतं, पण मोटर बसवली तेव्हा रहाट काढून टाकला होता, त्याची लाकडं कधीच चुलीत गेली होती आणि पोहरा कुठे गेला ते कुणालाच आठवत नव्हतं. आम्ही प्लास्टिकची बादली कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीला बांधून सोडली. प्लास्टिकची बादली बुडतच नाही, पाण्यावर तरंगत राहते. मग तिच्यात दगड ठेवला, मग ती बुडली, पण ओढताना नायलॉनने हात सोलून निघाले. शेजारच्या काकींनी त्यांची जुनी तांब्याची कळशी आणि काथ्याचा दोर आणून दिला तेव्हा कुठे सासूबाईंनी मला दोराला झटका देऊन कळशी कशी आडवी करायची ते शिकवलं. सत्तरीच्या बाईला येत होतं आणि मला येत नव्हतं. विहिरीत पाणी असून आम्ही तहानलेले होतो, ही गोष्ट माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

तेव्हापासून मी घरातल्या प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारते, तार तुटली तर हे कसं करणार? मोटर, मिक्सर, गॅस, मोबाइल, एटीएम, सगळ्याला. ज्याला उत्तर नाही त्याची दुसरी सोय करायची, आणि ती नुसती करून ठेवायची नाही, वापरात ठेवायची. रहाट परत बसवला, लोखंडी, आणि आठवड्यातून एक दिवस पाणी हातानेच शेंदायचं असा नियम केला. मुलं आधी कुरकुरली, आता त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमतं. कळशी विहिरीत पडली तर काढायला गळ पण आणून ठेवलाय. काथ्याचा दोर दरवर्षी बदलते, जुना दिसायला चांगला असला तरी आतून कुजलेला असतो.

पाण्याचंच आणखी थोडं सांगते कारण माणूस उपाशी काही दिवस काढेल पण पाण्याशिवाय नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर धरा, म्हणजे आमच्या सात जणांना पस्तीस लिटर. हे फार नाही, दोन स्टीलच्या पिंपात चार दिवसांचं मावतं. खरं पाणी संडासाला जातं, त्याला पागोळीचं, म्हणजे छपरावरून गळणारं पावसाचं पाणी वापरायचं. पागोळीचा हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर. आमच्या पडवीचं छप्पर चाळीस चौरस मीटर आहे, त्यावर नुसता 25 मिलिमीटर पाऊस झाला तरी हजार लिटर, त्यातलं थोडं वाया गेलं तरी पाचशे लिटरचे दोन ड्रम भरत येतात, आणि आमच्याकडे जुलैत एवढा पाऊस चहा होईपर्यंत पडतो. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी मात्र सोडून द्यायचं, छपरावरची घाण त्यात येते.

वादळानंतर आमच्या विहिरीत झावळ्या, पाला, मेलेले पक्षी सगळं पडलं होतं. तेव्हा टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, किती टाकायचं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक, म्हणजे गावच्या पाण्यात ती पावडर टाकणारा माणूस, येईपर्यंत आम्ही पाणी उकळूनच प्यायलो, म्हणजे आधीच कमी असलेली लाकडं अजून कमी. आता मी विहिरीचं माप भिंतीवर लिहून ठेवलंय. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग 785 ने गुणा, आलं ते लिटर. आमची विहीर तीन मीटर व्यासाची, चार मीटर पाणी असेल तर 28 हजार लिटरच्या आसपास. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर म्हणजे 70 ग्रॅम, पाणी गढूळ असेल तर जास्त लागते, म्हणून जलसुरक्षकाला विचारूनच टाकते आणि रात्री टाकते म्हणजे सकाळपर्यंत काम झालेलं असतं. ही पावडर साठवून ठेवण्यात अर्थ नाही, त्यातला क्लोरीन उडून जातो, दरवर्षी ताजी आणायची.

चुलीचं पण तसंच झालं होतं. टाइल्स लावून नवा ओटा केला तेव्हा आतली चूल फोडली. सिलिंडर एक चालू, एक भरलेला, पण रस्ता बंद असल्यामुळे पुढचा कधी येईल ते माहीत नाही, म्हणून भीतीभीतीने गॅस वापरायचा. परसात तीन दगड मांडून चूल केली तर लाकडं भिजलेली, कारण सगळी एकाच पडवीत रचलेली आणि त्याच पडवीचे पत्रे उडालेले. आता लाकडं तीन ठिकाणी ठेवतो, शेणी माळ्यावर, आणि मागच्या पडवीत मातीची चूल घातलीय. रविवारचा भात तिच्यावरच होतो. मुद्दाम. न वापरलेली चूल पावसाळ्यात ओल धरते.

आता खाण्याचं. लोक मला विचारतात काय भरून ठेवायचं, आणि त्यांच्या डोळ्यासमोर बिस्किटं-मॅगी असते. मी म्हणते तुमच्या सासूबाईंना नाहीतर आजीला विचारा. कुळथाची पिठी घ्या, फोडणी दिली, पाणी टाकलं, दहा मिनिटांत उकळी, भाताबरोबर पोटभर जेवण, आणि कडधान्याचं बळ अंगात. ज्या दिवशी लाकूड मोजून वापरायचं असतं त्या दिवशी शिजायला तासभर लागणारं कडधान्य काय कामाचं? पिठी, पोहे, सुकट, सोडे, आमसुलं, आंबोशी, पापड, हे सगळं कमी जळणात होणारं किंवा नुसतं भाजून खाता येणारं आहे. मला वाटतं आधीच्या बायकांनी हे डोकं लावूनच ठरवलं असणार. वालांना राख चोळून ठेवली की टोका, म्हणजे कीड, लागत नाही, आठळ्या माती लिंपून ठेवल्या की पावसाळाभर राहतात, कांदे माळ बांधून वर टांगायचे. त्या जूनमध्ये आमच्याकडे सव्वा महिन्याचं धान्य होतं ते फक्त सासूबाईंनी माझं ऐकलं नाही म्हणून. मी त्यांना तसं सांगितलं, त्यांनी माझ्या ताटात अजून एक चमचा पिठी वाढली.

कुठे ठेवायचं हा वेगळाच प्रश्न आहे, आणि तो मला पुढच्या वर्षी कळला. 22 जुलै 2021 ला महाड आणि चिपळूणला पूर आला तेव्हा माझी मावसबहीण महाडला होती, तिच्या घरात सावित्रीचं पाणी शिरलं. तिने माझ्या सांगण्यावरून सगळं भरून ठेवलं होतं पण खालच्या कोठीच्या खोलीत, ते सगळं चिखलात गेलं. मला फार वाईट वाटलं, कारण सांगताना मी माझ्या वादळाचाच विचार केला होता, तिच्या नदीचा नाही. वादळात छप्पर जातं म्हणून खाली ठेवायचं, पुरात खालचं जातं म्हणून वर. आता आम्ही दोघी पण निम्मं वर, निम्मं खाली ठेवतो, घट्ट झाकणाच्या डब्यात.

लाइटचं मी जरा जास्त लिहिणार आहे कारण यात लोकांची फार फसगत होते. सध्या सगळीकडे छतावर सोलर बसतायत, चांगलंच आहे, बिल कमी होतं, केंद्राच्या सूर्यघर योजनेत 78 हजारांपर्यंत सबसिडी पण आहे. पण साधा ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेला बिनबॅटरीचा सोलर असेल तर बाहेरची लाइट गेली की तो पण बंद पडतो, भर उन्हात सुद्धा. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. आमच्या ओळखीत एकांनी एवढे पैसे घातले आणि पहिल्यांदाच लाइट जास्त वेळ गेली तेव्हा अंधारात बसले. लाइट गेल्यावर चालायला हवं असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, बसवायच्या आधीच विचारून घ्या. आमच्याकडे तेवढे पैसे नव्हते, आम्ही 100 वॉटचं एक पॅनेल आणि 12 व्होल्टची 40 अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी घेतली, म्हणजे भरली की साधारण 500 वॉट-तास. पाच वॉटचे पाच दिवे पाच तास म्हणजे 125, चार मोबाइल म्हणजे अजून 60, दिवसाला 185. सलग अडीच दिवस ऊन नाही पडलं तरी निभावतं. फ्रीज, मिक्सर चालत नाही, नको चालू दे. आणि पॅनेल चार नट-बोल्टवर आहे, वादळाची सूचना आली की काढून घरात ठेवायचं.

मोबाइल चार्ज असून उपयोग नव्हता ही अजून एक गोष्ट, टॉवरच बंद. ओटीपी नाही, एटीएम नाही, दुकानदार उधारीवर किती दिवस देणार. तेव्हापासून डब्यात दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटा ठेवते, पाचशेची सुटी करायला कुणाकडे नसतात. सेलवर चालणारा रेडिओ आहे. स्वयंपाकघराच्या दारामागे ऑइलपेंटने नंबर लिहिलेत, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष 1077, रुग्णवाहिका 108, पोलीस 112, आणि खाली नातेवाइकांचे, कारण आता कुणालाच कुणाचा नंबर पाठ नसतो. सातबारा, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, पासबुक एका वॉटरप्रूफ पिशवीत, आणि दर मे महिन्यात घराचे, छपराचे, वाडीतल्या झाडांचे फोटो काढून प्रिंट करून त्यातच. पंचनाम्याला पडलेलं सगळे दाखवतात, आधी काय होतं ते दाखवता येत नाही.

औषधं महिन्याची. आमच्या काकांना इन्सुलिन लागतं, फ्रीज बंद म्हटल्यावर आम्ही घाबरलो होतो. चालू कुपी साधारण चार आठवडे बाहेर राहू शकते पण गरम व्हायला नको, म्हणून एका मोठ्या कुंडीत ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात प्लास्टिकच्या डबीत कुपी, वर ओलं फडकं. तुमच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा, तेव्हा फोन लागणार नाही. मीठ-साखर पाण्याचं माप पण दारामागे लिहिलंय, लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा छोटे सपाट चमचे साखर, त्याच छोट्या चमच्याने अर्धा चमचा मीठ.

एका घराने सगळं करायचं ठरवलं तर होत नाही, मी सांगते. झाडं कापायचं कटर मशीन आमच्या वाडीत एकाकडेच होतं, त्याने चार दिवस दिवसरात्र रस्ता मोकळा केला. आता पाच घरांनी मिळून दुसरं घेतलंय, आमच्याकडे रहाट, काकींकडे जातं आणि पाटा, शेजारी दोन मोठ्या ताडपत्र्या आणि शिडी. वादळानंतर ताडपत्री मिळत नाही, कौलं तर नाहीच नाही, आम्ही दोनशे कौलं परसात रचून ठेवलीत.

यंदाचं अजून बरंच राहिलंय. घरावर झुकलेला एक माड उतरवायचाय, त्याचे नारळ आणि सुक्या झावळ्या तरी निदान काढून घ्यायच्या आहेत. मागच्या पडवीच्या पत्र्यांना नवे हुक लागतील, जुने गंजलेत. सासूबाईंना आता जमिनीवर बसवत नाही, त्या खुर्चीत बसून सांगतात आणि आठळ्यांना माती मी लिंपते. काल म्हणाल्या, पातळ लाव, एवढी जाड लावलीस तर वाळायची नाही. शाकारणारे उद्या सकाळी सातला येणारेत, मला त्यांच्या आधी माळा रिकामा करायचाय.