मोठे डॉक्टर कुठे आहेत?

खाजगी दवाखान्यात नातेवाइकांना संशय असतो बिलाचा. सरकारी मेडिकल कॉलेजात बिल नावापुरतंच, त्यामुळे इथला संशय वेगळा: ही शिकाऊ पोरं आमच्या पेशंटवर हात बसवून घेतात आणि खरे डॉक्टर घरी झोपलेले असतात. मी मेडिसिनला सेकंड इयर रेसिडेंट आहे. गेल्या पावसाळ्यात एका अ‍ॅडमिशन डेच्या पहाटे एका काकांनी हे मला तोंडावर ऐकवलं. तोंडावर ऐकणं नवीन नाही, पण त्यांनी एक प्रश्नही विचारला आणि तो अजून डोक्यातून जात नाही.

एकोणीस वर्षांचा मुलगा. पोटात दुखतंय, दोन उलट्या, गावात अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन झालेलं. कॅज्युअल्टीने पेपरवर गॅस्ट्रायटिस लिहून वर पाठवला होता. (पहाटे साडेतीनला आमच्या कॅज्युअल्टीत सगळ्याच पोटांना गॅस्ट्रायटिस असतो.) मला खटकल्या त्या पापण्या. अर्ध्यावर आलेल्या. वर बघ म्हटलं की कपाळाला आठ्या पडायच्या, पापण्या मात्र जागच्या हलत नव्हत्या. रात्री कुठे झोपला होतास? शेतातल्या खोलीत, खाली. काही चावलं? नाही.

मण्यारीचं हेच वाईट. ती अंथरुणात शिरते, चावते, आणि माणूस कूस बदलून झोपतो. सूज नाही, रक्त नाही, पुष्कळदा दातांची खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखायला लागतं आणि मग पापण्या उतरतात.

त्याला उशीवरून मान उचलायला लावली, कशीबशी उचलली. श्वासाचा जोर कळावा म्हणून एका दमात आकडे मोजायला सांगितले, एकोणीसपर्यंत गेला. मग रक्त गोठण्याची चाचणी. तिला काचेची, कोरी, कोरडी टेस्ट ट्यूब लागते. प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेली चालत नाही, निकाल खोटा येतो. वॉर्डात अशी ट्यूब कधीही मिळत नाही, म्हणून पावसाळाभर मी दोन-तीन माझ्या लॉकरमध्ये कापसात गुंडाळून ठेवते. सिनियर हसतात, हसू देत. दोन मिली रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं ट्यूबला हात लावायचा नाही. घोणस किंवा फुरसं चावलं असतं तर रक्त पातळच राहण्याची शक्यता होती. इथे घट्ट गुठळी. तोवर आकडे अकरावर आले होते.

लेक्चरर सरांना फोन केला. पहिल्या रिंगला उचलणाऱ्यांपैकी आहेत. सगळे तसे नसतात. "एएसव्ही सुरू कर. निओस्टिग्मिन देऊन बघ, मण्यार असेल तर बहुतेक फरक पडणार नाही. श्वासनळीत ट्यूब टाकायची तयारी ठेव. मी निघतो."

एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं औषध. त्याच्या दहा व्हायल. आत पावडर असते, ती पाण्यात विरघळवताना जोरात हलवायची नाही, फेस होतो. तळहातात धरून हळूहळू फिरवायची. पाच इंटर्नकडे, पाच माझ्याकडे. शेजारी अ‍ॅड्रिनलिन भरून ठेवलेलं, कारण हे औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं आणि कोणाला कधी रिअ‍ॅक्शन येईल याचा नेम नाही.

काकांना दिसत होतं ते एवढंच, की पोरगा अत्यवस्थ आणि दोन मुली बाटल्या फिरवत उभ्या आहेत.

"ओ सिस्टर, डॉक्टरांना बोलवा की."

"मीच डॉक्टर आहे."

"तसं नाही हो म्याडम, मोठे डॉक्टर. तुम्ही शिकाऊ ना?"

दारातल्या वॉर्डबॉयला हेच काका मघाशी डॉक्टरसाहेब म्हणाले होते. साडेचार वर्षं एमबीबीएस, वर्षभर इंटर्नशिप, मेडिकल कौन्सिलची नोंदणी, त्यानंतर नीट पीजी, हे सगळं पहाटे चारला कोणाला सांगायचं? लोकांच्या नजरेत आम्ही 'एल' लावलेली गाडी, तीही शेजारी कोणी बसलेलं नसताना. माझ्यावर सिनियर रेसिडेंट असतो, त्याच्यावर लेक्चरर, मग युनिट हेड, पण ही साखळी फोनवर चालते आणि नातेवाइकाला फोन दिसत नाही.

मग काकांनी तो प्रश्न विचारला. "तुम्ही असे किती पाहिलेत?"

आवाजात राग नव्हता. आधीच्या पावसाळ्यात मी मण्यारीच्या केसेस पाहिल्या होत्या, सिनियरच्या मागे उभी राहून, सक्शन धरून. निदानापासून सगळं माझ्या हातात असलेली ही पहिली. ते सांगितलं असतं तर त्यांनी पोरगा उचलून नेला असता आणि रस्त्यातच श्वास थांबला असता. "बरेच पाहिलेत" म्हटलं असतं तर तेही धडधडीत खोटं नव्हतं. मी म्हटलं, "याला काय झालंय ते मला कळलंय. सर निघालेत. तोवर याला सोडून मी कुठेही जाणार नाही." हे उत्तर नव्हे, हे मलाही माहीत आहे.

आकडे चारवर आले, तोंडात लाळ साचायला लागली. ट्यूब टाकली, पहिल्या खेपेला बसली. आयसीयूतले चालू व्हेंटिलेटर भरलेले आणि वॉर्डातला बंद. आमच्याकडे व्हेंटिलेटर फीत कापून येतात, पण त्यांच्या दुरुस्तीचा करार करायचं कोणाला सुचत नाही. नऊपर्यंत अँबू बॅग, म्हणजे श्वास देणारा रबरी फुगा, हाताने दाबायची होती. थोडा वेळ इंटर्न, थोडा वेळ मी, मग काका. त्यांना मोजून दाबायला शिकवलं. चांगलं दाबत होते.

तेवढ्यात गावाकडचे आणखी लोक आले. त्यातल्या एका जाणत्याने मुलाची पापणी उचलून बघितली. बाहुली मोठी, टॉर्चला हलत नाही, चिमटा काढला तरी हालचाल शून्य. "गेलाय हा. प्रॅक्टिस करायला ठेवलाय." काकांनी बॅग माझ्या हातात दिली आणि डामाचा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंट घरी नेण्याचा, कागद मागितला.

भिंतीवर २०१० च्या कायद्याचा फलक आहे: डॉक्टरवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, पन्नास हजारांपर्यंत दंड. तो वाचताना मी आजवर कोणाला पाहिलेलं नाही. २०१७ साली धुळ्यात एका रेसिडेंटला नातेवाइकांनी मारहाण केली, त्यात त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. पलंगाभोवती दहाजण उभे राहिले की तो डोळा आठवतो. मी बॅग दाबत सांगत राहिले की मण्यारीच्या विषाने बाहुलीसुद्धा लुळी पडते, हा मेलेला नाही, याला आपलं सगळं बोलणं ऐकू येतंय. कोणाला पटलं नाही. माझ्याकडे बघून मलाही पटलं नसतं.

सहाला सर आले. फाइल वाचली, बाहुली बघितली, म्हणाले, "चालू ठेवा." औषधात एका थेंबाचा बदल नाही. काकांनी हात जोडले आणि बॅग पुन्हा हातात घेतली.

संध्याकाळी पुतण्याला बघायला आले तेव्हा काकांनी आश्चर्याने विचारलं, "तुमची ड्युटी बदलली नाही?" कागदावर, १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेनुसार, आमचा आठवडा ४८ तासांचा आहे.

व्हेंटिलेटरवर त्याने बरेच दिवस काढले. आधी एक बोट हललं, मग पापण्या, मग मान. ट्यूब निघाल्यावर तो आईशी बोलला, आमच्याशी बोलला, काकांशी मात्र बोलेना. डामाचा कागद मागितलेला त्याने ऐकला होता. काका माझ्याकडे येऊन म्हणाले, तुम्ही समजवा त्याला. मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही बघा.

हल्ली मी नातेवाइकांना आधी नाव सांगते, मग माझ्या वर कोण आहे आणि ते किती वाजता येतील ते. काहींना पुरतं. "किती पाहिलेत" असं पुन्हा कोणी विचारलं तर काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही. आकडा वाढतोय एवढंच.

डिस्चार्जच्या दिवशी काकांनी फाइल पिशवीत घातली, मुलाला बाकावर बसवलं आणि परत माझ्या टेबलाशी आले.

"सिस्टर, त्या मोठ्या सरांची ओपीडी कधी असते?"

"मंगळवार आणि शुक्रवार," मी सांगितलं. "नऊला या, नंतर केसपेपरची रांग फार वाढते."