मावशीची ट्रंक आणि माझी जबाबदारी

पुण्याला मुलाकडे राहायला जाताना मावशीने आमच्या शहापुरातल्या घरी, माडीवर, एक पत्र्याची ट्रंक, दोन तांब्याचे हंडे आणि शिवणयंत्र ठेवले. "दिवाळीला येऊन नेते," असे ती म्हणाली होती. पण येणे झाले नाही आणि तिला देवाघरी जाऊनही आता चार वर्षे झाली. यंदा जुलैत माडीची कौले गळू लागली आणि ट्रंकेच्या झाकणावर पाणी साचले, तेव्हा मी थोरल्या मावसभावाला फोन केला. "भंगारात घाल आणि मोकळी हो," एवढेच दादा म्हणाला. हंड्याच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेले मावशीचे नाव समोर असताना ते माझ्याने होईना, म्हणून मी एका परिचित वकिलांना विचारले.

आपल्याकडे कर्नाटकात सातबाऱ्याला आरटीसी म्हणत असले, तरी या बाबतीत महाराष्ट्राच्या सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे कायदा एकच आहे, तो म्हणजे १८७२ चा भारतीय करार कायदा. मोबदला न घेता सांभाळायला घेतलेली वस्तूही सामान्य समंजस माणूस स्वतःची वस्तू जपेल तितक्या काळजीने जपावी लागते (कलम १५१). तेवढी काळजी घेऊनही नुकसान झाले, तर भरपाईचा बोजा सहसा आपल्यावर येत नाही. असा विनामोबदला सांभाळ वस्तू ठेवायला देणाऱ्याच्या मृत्यूने संपतो (कलम १६२), पण त्यामुळे वस्तू आपली होत नाही, ती वारसांना परत द्यायची असते. मृत्युपत्र नसल्यामुळे आणि काका आधीच गेल्यामुळे, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे हे वारस म्हणजे दोन्ही मुलगे आणि मुलगी, तिघेही सारख्या हक्काने. तेव्हा एकट्या दादाच्या तोंडी परवानगीवर ताईचा वाटा भंगारात घालणे मला परवडणारे नव्हते. मृताची वस्तू अप्रामाणिक हेतूने लाटणे तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१५ खाली गुन्हाच आहे. अर्थात माझा तसा हेतू नव्हता, पण पुढेमागे भावंडांत वाद झाला तर हेतू सिद्ध करत कोण बसणार?

म्हणून दोन शेजाऱ्यांसमोर यादी केली, छायाचित्रे काढली आणि दोन महिन्यांत सामान न्यावे, असे पत्र तिघांनाही पोचपावतीसह पाठवले. हमालीचे आणि ताडपत्रीचे सहाशे रुपयेही त्यात लिहिले, कारण असा आवश्यक खर्च मागता येतो (करार कायद्याचे कलम १५८). खरे सांगायचे तर, ते लिहिताना हात जरा अडखळला.

ताई पुढच्या महिन्यात हंडे आणि शिवणयंत्र नेणार आहे. ट्रंक खालच्या सोप्यात विटांवर ठेवली आहे, कुलूपबंद. किल्ली कुठे आहे, हे तिघांपैकी कोणालाच ठाऊक नाही.