चवीपुरतं मीठ म्हणजे किती ग्रॅम?

सोमवार

आज एक फॉर्म भरायचा होता. माझ्यासारख्या ऑटिस्टिक प्रौढांना रोजच्या जगण्यात किती मदत लागते हे पाहण्यासाठीचा. त्यात एक प्रश्न होता: ‘स्वतःचा स्वयंपाक स्वतः करू शकता का?’ पुढे दोन चौकटी, हो आणि नाही. बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग समासात लिहायला लागले आणि समास संपल्यावर पानाच्या मागे गेले. तेच इथे जरा मोकळेपणाने उतरवते आहे, फार दिवसांपासून मनात साचलंय.

मला स्वयंपाक येतो. चांगला येतो. पण एखाद्या दिवशी तो का जमला आणि दुसऱ्या दिवशी कुठे अडला, हे त्या दोन चौकटींत मावत नाही. स्वयंपाक हे एक काम नाहीच. काय करायचं ते ठरवणं, ओटा रिकामा करणं, जिन्नस शोधून बाहेर काढणं, धुणं, चिरणं, एक पातेलं उतरेपर्यंत दुसरं तयार ठेवणं. हे चालू असताना एक्झॉस्ट फॅनची घरघर, तेलाचा वास, ओल्या हातांना चिकटणारी सालं. आणि अंगातलं सगळं त्राण संपल्यावर भांडी घासणं. यातल्या प्रत्येकाला वेगळी ताकद लागते, आणि कुणाची कुठली ताकद कमी पडेल ते सांगता येत नाही.

चिरणं मला मनापासून आवडतं. गाजराचे एकसारखे तुकडे पडत जातात, सुरीचा ठेका लागतो, आणि दिवसभर ताणलेले खांदे खाली येतात. ठरवण्यापाशी मात्र मी थांबते. ‘आज काय करू?’ हा प्रश्न संध्याकाळी समोर आला की फ्रीज भरलेला असूनही मला आत काही दिसत नाही. म्हणून माझ्याकडे तो प्रश्न रोज येतच नाही. कुठल्या वारी काय, हे ठरलेलं आहे आणि महिनोन्‌महिने तेच आहे. लोकांना यात कंटाळा दिसतो. मला त्यात शिजवण्यापुरती शिल्लक राहिलेली ताकद दिसते.

मंगळवार

पोटात कावळे ओरडतात म्हणतात. मला ते ऐकू येत नाहीत. भूक मला आडवळणाने कळते. वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते, बोटं गार पडतात, शेजारच्या खोलीतलं साधं बोलणं असह्य व्हायला लागतं. मग मी घड्याळ बघते आणि लक्षात येतं की सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

शरीराच्या आतून येणाऱ्या खुणा जाणवण्याला इंटरोसेप्शन म्हणतात. बऱ्याच ऑटिस्टिक लोकांमध्ये त्याची तऱ्हा वेगळी असते. कुणाला खूण फार उशिरा पोचते, तर कुणाला वेळेवर पोचूनही ती भुकेची की भीतीची हे उलगडत नाही. त्यात भर म्हणजे एखाद्या गोष्टीत लक्ष गेलं की ते पूर्ण जातं. डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन या अभ्यासकांनी २००५ साली ऑटिझमची जी मांडणी केली तिच्या मुळाशी हेच होतं. तिला मोनोट्रॉपिझम म्हणतात. लक्षाचा सगळा ओघ एका वेळी एकाच वाटेने वाहतो, आणि त्या वाटेबाहेरचं त्या घटकेला जवळपास नसतंच. भूकसुद्धा.

हे दोन्ही एकत्र आलं की सगळा क्रमच उलटा होतो. बहुतेकांना आधी भूक लागते, मग ते स्वयंपाकाला लागतात. मला भूक कळेपर्यंत स्वयंपाक करण्याची शक्ती गेलेली असते. नेमक्या त्याच वेळी दिवसातलं सर्वांत जास्त टप्प्यांचं काम समोर उभं राहतं. अनेक ऑटिस्टिक माणसं उपाशी झोपतात ती इथे. त्यांना रांधता येतं, घरात सगळं असतं, तरीही.

माझे दोन गजर आहेत. पहिला ओट्याशी जाण्याचा, दुसरा जेवायला बसण्याचा. पहिला वाजतो तेव्हा भूक नसते, तरी मी उठते. फ्रीजच्या दारावर एक कार्ड आहे, त्यावर जेवणाच्या तीन पायऱ्या लिहिल्या आहेत. पहिल्या पायरीवर सगळा स्वयंपाक. दुसरीवर गोठवून ठेवलेलं गरम करून घ्यायचं आणि भात तेवढा ताजा लावायचा. तिसरीवर काहीच शिजवायचं नाही: ब्रेड, उकडून ठेवलेलं अंडं, एखादं फळ, ताटात एकमेकांना न लागता मांडलेलं. कार्ड लागतं, कारण तिसऱ्या पायरीच्या दिवशी मला काय चालतं हे मलाच आठवत नाही. हे तिसरं जेवणही जेवणच आहे. याला स्वयंपाक म्हणायचं का, असा वाद कुणी घातला तर घालू दे. त्या दिवशी माणूस जेवला, हे मला पुरतं.

बुधवार

आईला फोन केला. सूपमध्ये मीठ किती घालतेस, हे विचारायचं होतं.

‘‘अगं, अंदाजाने.’’

‘‘अंदाज म्हणजे किती?’’

‘‘हाताला कळतं ते.’’

‘‘तुझ्या हाताला कळतं, आई. माझ्या हाताला नाही कळत.’’

मागे ती माझ्याकडे राहायला आली होती तेव्हा मी तिला वजनकाट्यावर मीठ टाकायला लावलं होतं. छोटी वाटी काट्यावर ठेवली, आकडा शून्यावर आणला, आणि म्हटलं, दोघींच्या भाजीला घालतेस तेवढं घाल. तिने न बघता चिमूट सोडली. मी आकडा लिहिला, वाटी रिकामी केली, पुन्हा टाक म्हटलं. ती पुन्हा पुन्हा टाकत राहिली, मी लिहीत राहिले. फरक पडला तर अर्ध्या ग्रॅमच्या आत. तिचा अंदाज मोजमापच होता, फक्त तो इतक्या वर्षांत बोटांत उतरला होता. ती कागदाकडे बघून म्हणाली, ‘‘बाई गं, मला कुणी सांगितलं असतं तर मी केव्हाच मोजून दिलं असतं.’’ आणि खरंच, तेव्हापासून ती मला पदार्थ ग्रॅममध्ये सांगायचा प्रयत्न करते. मला याचं किती अप्रूप आहे ते मी तिला सांगितलंय.

पाककृतींत बहुतेक वेळा हेच सुटतं. ‘चवीपुरतं मीठ’, ‘पाणी गरजेनुसार’, ‘कांदा गुलाबी होईपर्यंत परता’. कुठल्या उजेडात गुलाबी? किती वेळाने? मला सूचना हवी असते, आणि सूचनेमागचं कारण कळलं तर फारच बरं. मीठ आता मी शिजलेल्या पदार्थाच्या वजनाच्या १ टक्क्यापासून धरते: १ किलो सूपला १० ग्रॅम, मग थोडं कमी-जास्त. कांद्याचं कोडं सुटलं ते कारण समजल्यावर. लाल-तपकिरी रंग आणि तो खमंग वास ज्या क्रियेतून येतो तिचं वर्णन लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केलं. ती क्रिया साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे जोर धरते, आणि कांद्यात पाणी आहे तोवर तापमान १०० च्या आसपास अडकून राहतं. म्हणून कांदा कितीतरी वेळ आहे तसाच दिसतो आणि मग बघता बघता रंगतो. हे समजेपर्यंत तो मधला वेळ मला छातीत धडधड घेऊन काढावा लागायचा. आता मी पाणी उडण्याची वाट बघते. काय घडतंय ते माहीत असतं.

गुरुवार

आज गाजर-बटाट्याचं सूप. गुरुवारी तेच असतं.

४०० ग्रॅम गाजर, २०० ग्रॅम बटाटे, दोन सेंटिमीटरचे तुकडे, म्हणजे सगळे बरोबरच मऊ होतात. शिजल्यावर मी ते मिक्सरला लावत नाही. मोठी गाळणी पातेल्यावर ठेवते आणि पळीच्या पाठीने दाबून दाबून उतरवते. आधी पाणी झिरपतं, मग केशरी गर जाळीखाली जाड थेंबांनी लोंबकळतो, शेवटी वर उरतात ते नुसते धागे. गाळणीखालची बाजू चमच्याने निपटून घ्यावी लागते, सर्वांत घट्ट भाग तिथे असतो. वेळ लागतो. पण आवाज होत नाही, आणि जे तयार होतं त्याचा प्रत्येक घास शेवटपर्यंत पहिल्या घासासारखाच असतो.

हे का महत्त्वाचं आहे, ते न अनुभवलेल्या माणसाला समजावणं कठीण. मऊ घासात अचानक कडक तुकडा आला तर माझं सगळं अंग आक्रसतं, घसा बंद होतो, आणि त्या दिवसापुरतं जेवण संपतं. संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं ही गोष्ट डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक निदानांच्या अमेरिकी पुस्तिकेच्या २०१३ सालच्या आवृत्तीत, ऑटिझमच्या निकषांत आली. त्याआधी, आणि घराघरांत अजूनही, याला नखरे म्हणायचे.

आम्ही काही पदार्थांना सेफ फूड म्हणतो. कितीही वाईट दिवस असला तरी जे गिळता येतं ते. अनेकांचं सेफ फूड पाकिटातलं असतं आणि त्याचं कारण सरळ आहे: पाकिटातलं दर वेळी सारखं निघतं. एक गाजर गोड, दुसरं कडवट. बिस्किटाचं तसं नसतं. पण एक दिवस कंपनी कृती बदलते, पाकिटावर ‘आता नवीन चव’ असं छापून येतं, आणि एखाद्याच्या खाण्यातला मोठा भाग रातोरात नाहीसा होतो. माझं असं झालं तेव्हा मी रडले होते, आणि त्यात मला काही जास्तीचं वाटत नाही. घरी रांधण्याकडे मी खऱ्या अर्थाने वळले ती त्यानंतर. माझ्या सूपची कृती माझ्याखेरीज कुणी बदलू शकत नाही.

एकसारखं खाण्याचं मी कौतुक करते आहे, तेव्हा दुसरी बाजूही लिहायलाच हवी. यादी आकसत जाऊ शकते. पाच पदार्थांचे तीन होतात, तिनाचे दोन. अतिशय मोजक्या आहारामुळे स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झालेल्या ऑटिस्टिक मुलांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. वजन किंवा तब्येत ढासळेपर्यंत खाणं मर्यादित होतं, त्याला आर्फिड हे निदानही २०१३ पासून आहे. तिथे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ हवेतच, धाक घालणारे नव्हेत तर ऐकून घेणारे. ‘रोज एक नवीन पदार्थ खा’ हा सल्ला मला एकदा मिळाला होता आणि त्याने जेवणाचीच धास्ती बसली. मला जमलं ते वेगळ्या रीतीने: आहे त्याच सूपमध्ये ५० ग्रॅम लाल भोपळा, गाजर तेवढंच कमी करून. रंग तोच, दाटपणा तोच. तो अंगवळणी पडला की पुढचं.

शुक्रवार

मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांचा ऑटिझमवरचा १९४३ सालचा लेख वाचत होते. ११ मुलांची वर्णनं आहेत त्यात. मुलांना भेदरवून टाकणाऱ्या आवाजांची आणि हलत्या वस्तूंची यादी ते देतात: व्हॅक्यूम क्लीनर, वाहतं पाणी, गॅसचे बर्नर, अंडी फेटायचं यंत्र, झोके, वारासुद्धा. त्या यादीवरून माझं बोट पुढे सरकेना. पाणी, बर्नर, अंडी फेटणं. आपण ज्याला स्वयंपाकघर म्हणतो ते निम्मं तिथेच आहे.

माझ्याकडे कानांवर लावायचे मफ फोडणीच्या भांड्याशेजारीच टांगलेले असतात. कुकर वापरत नाही, शिट्टी कधी होईल याची वाट बघणं शिट्टीपेक्षा वाईट. काहींना इंडक्शन बरं पडतं, ज्वाळेचा आवाज नाही आणि ठरल्या वेळी आपोआप बंद होतं. पण त्याचा बारीक सूर काहींच्या कानात टाचणीसारखा घुसतो, त्यामुळे घेण्याआधी चालू करून ऐकावं. उलट, काहींना वास आणि चटका उशिरा कळतो. माझ्या ओळखीच्या एकाला करपल्याचा वास येतच नाही. त्याच्यासाठी धुराचा अलार्म आणि टायमर या चैनीच्या नव्हे, गरजेच्या वस्तू आहेत.

थर्मामीटर मात्र मी सगळ्यांना सुचवते. ‘नीट शिजलं का?’, ‘हे अजून चांगलं असेल का?’ या शंका ज्याच्या डोक्यात थांबत नाहीत त्याला आकड्याने जीव भांड्यात पडतो. उरलेलं गरम करताना मध्यभागी ७४ अंश. शिजवल्यापासून २ तासांच्या आत फ्रीजमध्ये, फ्रीज ४ अंशांवर किंवा खाली, आणि ३ ते ४ दिवसांत संपवायचं. मी डब्यावर तारीख लिहिते. तारीख उलटली की टाकून देते, वास घेत बसत नाही.

रविवार

आज तिघांशी बोलणं झालं. तिघंही ऑटिस्टिक, आणि तिघांची स्वयंपाकघरं एकमेकांना ओळखणार नाहीत.

एक मैत्रीण मोजत नाहीच. तिला आंबट, झणझणीत, कुरकुरीत असं भरपूर लागतं, त्याशिवाय तोंडाला काही कळत नाही. ती वासावर रांधते आणि डोळे मिटून सांगते की आता आलं पडलं पाहिजे. दुसरा ब्रेडमध्ये बुडालेला आहे. पीठ १०० टक्के धरून पाणी किती टक्के, त्या दिवशी खोलीचं तापमान काय, आंबवण किती फुगलं, सगळं वहीत आहे. पाणी दोन टक्क्यांनी वाढवलं की पोत कसा बदलतो हे तो सांगायला लागला की ऐकत राहावं. गंमत वाटेल, पण हाच माणूस ब्रेड सोडून रोजच्या जेवणाला काही करू शकत नाही. आवडीचा ओघ जिथे आहे तिथे सगळं सुचतं, बाकी ठिकाणी पाय उचलत नाही. तिसरी एकटी असली की ओट्याशी जात नाही. कुणीतरी खोलीत नुसतं बसून असलं, काही न बोलता, न शिकवता, तर सगळं करते.

म्हणून आम्ही ठरवलंय: येत्या गुरुवारी सात वाजता ती आणि मी व्हिडिओ कॉल लावून आपापल्या घरी रांधणार. कॅमेरा चालू, माइक बंद. ती काय करणार हे तिने आधीच कळवलंय: अंडी आणि भात. माझं सूप आहेच. फॉर्मवरची चौकट मी कोरीच ठेवली आहे, मागचं पान जोडून उद्या पाठवते.