महाराज चांगले आहेत का हो?

हल्ली लग्नाला स्थळं बघतात तसे लोक महाराज बघतात. आत्याच्या भिशीच्या ग्रुपवर परवा मेसेज, "घरात खूप टेन्शन आहे, कोणी चांगले महाराज माहितीयेत का?" आणि खाली धडाधड नावं, प्रवचनाच्या लिंका, एकांच्या दर्शनाला तर आधी टोकन घ्यावं लागतं म्हणे. आत्याला विचारलं, चांगले म्हणजे कसे गं? तर म्हणाली, ज्यांच्यासमोर बसलं की शांत वाटतं ते. बरोबरै, पण शांत तर एसी हॉलमध्ये नुसतं बसलं तरी वाटतं.

माझी आवड गाडगेबाबांनी बिघडवून ठेवलीये. गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडणार, रात्री कीर्तन, आणि पाया पडायला कोणी वाकलं की काठी उगारणार. मी कोणाचा गुरू नाही, माझा कोणी शिष्य नाही, हे उघड सांगायचे. कीर्तनही कसं, तर बाबा वऱ्हाडीत प्रश्न विचारणार आणि लोक उत्तरं देणार, आणि उत्तरं देता देता आपण सण करायला कर्ज काढतो, नवसाला बकरं कापतो, शिवाशिव पाळतो हे सगळं त्यांच्याच तोंडून बाहेर यायचं. समोरच्याला स्वतःच्या डोक्याने विचार करायला लावणारा बुवा, हे किती रिस्की काम आहे बघा, कारण विचार करायला लागलेला माणूस उद्या तुमच्याकडे येईलच असं नाही.

पैशाचं तर विचारूच नका. घाट, शाळा, धर्मशाळा, इतकं बांधलं, आणि स्वतः गाडग्यात मागून आणलेली भाकरी खायचे. घरच्यांना त्यातलं काही मिळू दिलं नाही, बायको झोपडीत राहिली. हे वाचताना मला दरवेळी जरा टोचतं, कुंताबाईंना कोणी विचारलं होतं का म्हणून. पण निदान देणगीच्या पैशातून मुलाची गाडी आली नाही, एवढं तरी नक्की.

आणि पंढरपूरची ती चोखामेळा धर्मशाळा. देवळात जाता न येणाऱ्या वारकऱ्यांसाठी बाबांनी लोकांकडून पैसे मागून बांधलेली. 1949 मध्ये ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. म्हणजे ज्यांनी 1935 मध्ये येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर सांगितलं होतं त्यांनाच, आणि हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं. आजच्या कुठल्या महाराजांनी आपली बिल्डिंग अशी, आपला धर्म सोडून निघालेल्या माणसाच्या नावे केलीये? मी शोधतोय, कोणाला माहीत असेल तर सांगा, मी टोकन घेऊन लाइनीत उभा राहायला तयार आहे.