रॉकेलवर धावलेली रेसची गाडी

माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर ही गाडी का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. टर्बो दुरुस्तीला आलेलं गिऱ्हाईक चहा येईपर्यंत भिंतीवरचा कृष्णधवल फोटो न्याहाळतं आणि हटकून विचारतं, "फेरारी-पोर्शे सोडून ही कुठली गाडी लावलीय? नंबर तर 00!"

ती रोव्हर-बीआरएम. रोव्हर ही ब्रिटिश मोटार कंपनी, बीआरएम हा रेसच्या गाड्या बनवणारा ब्रिटिश संघ. बनली एकच. फ्रान्समधल्या ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत धावली दोनदाच, 1963 आणि 1965 मध्ये. आणि चालायची रॉकेलवर. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभी राहिलेली पिढी हे ऐकून हसते.

तिच्या पाठीत पिस्टनचं इंजिन नव्हतंच, गॅस टर्बाइन होतं, म्हणजे जळत्या वायूच्या झोताने पात्यांचं चाक फिरवणारं इंजिन. रोव्हरला हा नाद जुना. 1950 सालीच त्यांनी 'जेट-1' ही टर्बाइन मोटार चालवून दाखवली होती. शर्यतीसाठी मात्र त्यांनी बीआरएमची एक ठोकलेली फॉर्म्युला वन चासी घेतली आणि तिच्यात सुमारे 150 अश्वशक्तीचं टर्बाइन बसवलं. पिस्टनच नाहीत, तर ही किती सीसीच्या गटात धरायची? म्हणून 1963 ला ती स्पर्धेबाहेरच धावली, तोच तो 00. संयोजकांचं बक्षीस होतं, पण अट अशी: टर्बाइन गाडीने 24 तासांत 3,600 किलोमीटर तोडायचे. ग्रॅहम हिल आणि रिची गिंथर या चालकांनी ताशी 173 किलोमीटरची सरासरी काढली. क्रमवारीत धरली असती तर आठवी आली असती.

चालवायला सोपी म्हणाल तर सोपी. क्लच नाही, गिअर बदलणं नाही, दोन पेडल. पण टर्बाइन पाय दाबल्या दाबल्या ऐकत नाही. वळण संपायच्या आधीच, ब्रेकवर असतानाच, रेस द्यायची, म्हणजे बाहेर पडताना ताकद हाताशी येते. आणि पाय सोडला की इंजिन गाडीला आवरतही नाही, सगळा भार ब्रेकवर. हिल 1962 चा विश्वविजेता, त्यालाही हे हिशेब नव्याने जुळवावे लागले.

खरी गोम होती तेलाच्या खपात. टर्बाइन रॉकेल ढसाढसा पितं आणि बरीचशी उष्णता धुराबरोबर फेकून देतं. त्यावर रोव्हरने सिरॅमिकच्या फिरत्या चकत्या बसवल्या. चकतीचा एक भाग गरम धुरात तापतो, फिरून थंड हवेच्या वाटेत येतो आणि तीच ऊब आत जाणाऱ्या हवेला देतो. मातीच्या खापरासारखी ती वस्तू मिनिटामागून मिनिट फिरत राहायची, न तडकता. माझ्या लेखी या गाडीतली सर्वांत देखणी गोष्ट हीच. 1964 ला गाडी ने-आण करताना खराब झाली, शर्यत हुकली. 1965 ला चकत्यांसकट उतरली तेव्हा खप पुष्कळ उतरला होता.

या वेळी हिलच्या जोडीला जॅकी स्टुअर्ट, फॉर्म्युला वनमधलं त्याचं पहिलंच वर्ष. सुरुवातीलाच एका वळणावर गाडी बाहेर गेली आणि टर्बाइनने वाळू ओढली. पात्यांची टोकं गेली, तापमान चढलं. मग उरलेली शर्यत काट्यावर डोळा ठेवून, जपून. सरासरी ताशी 159 पर्यंत उतरली, तरी गाडी दहावी आली. ब्रिटिश गाड्यांमध्ये पहिली.

पुढे ती शर्यतीत उतरली नाही. टर्बाइन महाग, आणि गावातल्या संथ रहदारीत तर त्याचा खप परवडण्यासारखाच नाही. रोव्हरने मोटारीतलं टर्बाइन सोडून दिलं. गाडी आता इंग्लंडमध्ये गेडनच्या संग्रहालयात आहे.

फोटो का लावलाय, ते मात्र टेबलावर दाखवावं लागतं. फाटक्या एअर फिल्टरवर पळालेल्या ट्रकचा टर्बो उघडला की कंप्रेसरच्या, म्हणजे हवा दाबून इंजिनात ढकलणाऱ्या चाकाच्या, पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात, बोट फिरवलं तर खरखरतात. मी गिऱ्हाइकाचं बोट तिथे टेकवतो, मग फोटोकडे बोट करतो. फिल्टर बदलायला बहुतेक जण तेव्हा तयार होतात.